डालड्याला चिकटलेली वाळू

अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या खाडीत पूर्वी लाकडी लाँचा एकमेकींना खेटून उभ्या असत. आता बहुतेक माल मोठ्या बंदरांतून कंटेनरने जातो. तीन महिन्यांनी टायरांची एक खेप मिळाली, म्हणून तांडेल तहसीनने धुक्याचा इशारा असूनही सकाळी लाँच बाहेर काढली.

आता धुक्यात लाँचची नाळ, तिचं पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. आणि जीपीएसच्या पडद्यावर त्याची लाँच चक्क विमानतळावर उभी होती.

"सिग्नल बिघडलाय. रेडिओवर सगळेच ओरडतायत," इंजिनवाला सुरेश म्हणाला.

दूर टँकरचा भोंगा वाजला. लाकडी लाँच रडारवर नीट दिसत नाही, हे तहसीनला ठाऊक होतं. मोठ्या जहाजांच्या वाटेतून निसटायचं तर दक्षिणेच्या उथळ पाण्याकडे जायला हवं. पण तिकडे खडक. आणि आपण नेमके कुठे आहोत?

लाँचवरचे जुने खलाशी, सत्तरीचे खैरुद्दीन चाचा शिशाचं वजन बांधलेली दोरी घेऊन आले. तळातली माती चिकटून वर यावी म्हणून वजनाच्या बुडाला त्यांनी डालडा फासला.

"चाचा, पराठे करताय का?" सुरेशने विचारलं खरं, पण नजर भोंग्याच्या दिशेला होती.

"तू इंजिन हळू कर, हबीबी."

दोरी खाली गेली, वर आली. "बारा वाव, सत्तरेक फूट पाणी. काळा चिखल. म्हणजे अजून जहाजांच्याच वाटेत आहोत. तहसीन, होकायंत्र बघ, दक्षिण धर."

भोंगा जवळ आला.

"चाचा, फुल स्पीड देतो!" सुरेश ओरडला.

"खडकावर आपटलो तर टायर तरंगतील, आपण नाही."

दहा वाव, चिखल. नऊ वाव, चिखलात वाळू. आता भोंगा तहसीनच्या छातीत घुमत होता. सात वाव. डालड्याला पांढरी वाळू आणि शिंपल्याचा तुकडा.

"खलास, बस झालं. नांगर टाका. एवढ्या उथळ पाण्यात टँकर येत नाही."

"आणि तुम्ही चुकला असाल तर?" तहसीनने विचारलं.

"तर बोलणी खायला मी उरणार नाही."

नांगर पडला. मागून प्रचंड घरघर सरकत गेली; दिसलं काहीच नाही. मग लाट आली, टायर करकरले, लाँच नांगराच्या दोरावर ताणली गेली आणि टिकली.

पडद्यावर अजून विमानतळच होता.

नांगर सरकला की काय, या धास्तीने तळ पुन्हा मोजायला तहसीनने स्वतः डालड्याच्या डब्यात हात घातला. डालडा वजनापेक्षा मनगटालाच जास्त लागला. चाचांनी त्याचा हात धरून बूड नीट माखून दाखवलं.

"एवढाच. आता दोरी सोड."

धुक्यात दुसरा भोंगा वाजला, तेव्हा दोरी तहसीनच्या हातात होती.