औषध गेलं कुठं?

"तोंड उघडा. जीभ वर करा," मंजुळाबाई म्हणाल्या.

शेगावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, आल्यागेल्यासमोर, गुलाबरावांनी मुकाट्याने जीभ वर केली. उलटीची गोळी पोटात गेली होती. नवरा असला म्हणून काय झालं? सोनाळ्याच्या आरोग्य केंद्रात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या या बाईंनी क्षयाच्या एकाही रोग्याला गोळी गालात दाबून घरी जाऊ दिलं नव्हतं. औषध लागू पडत नाही म्हणजे रोगी लबाडी करतो, हे त्यांचं शास्त्र. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

म्हणूनच गेले तीन महिने घरात कुरबूर चालली होती. गुलाबरावांच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ. दर मंगळवारी सलाईनमधून औषध जायचं, बाई थेंब न् थेंब बघत उभ्या राहायच्या, आणि माणूस तरी वाळतच चालला होता. बाईंनी सदऱ्याचे खिसे तपासले, उशीखाली हात घातला, स्टँडवरच्या भजीवाल्यालाही दम दिला.

"वजन काऊन उतरून राह्यलं मंग? पथ्य मोडून राह्यले तुमी!"

"भजे खाल्ले असते तं वजन वाढलं नसतं का, सिस्टर?" चिडवायचं असलं की गुलाबराव बायकोला सिस्टर म्हणत. अलीकडे त्यात चिडवणं उरलं नव्हतं.

आज गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट मुंबईहून आला होता. डॉक्टर अनुपमा मॅडमनी बाईंना आत बोलावलं.

"सिस्टर, हे औषध पेशीच्या पडद्यातून आपलं आपण आत शिरत नाही. पडद्यात काही प्रथिनं असतात. डीएनए बांधायला लागणारे छोटे रेणू ती बाहेरून धरतात, आपला आकार बदलतात आणि आत सोडतात. आपलं औषध त्या रेणूंसारखंच घडवलंय, म्हणून ती त्यालाही उचलतात. यांच्या गाठीत ती प्रथिनं जवळजवळ नाहीतच."

"पन सलाईन तं पुरं गेलं, मॅडम. म्या सोता पाह्यलं."

"रक्तात गेलं. गाठीच्या पेशींत पोचलं नसावं."

बाईंना काही उमजेना. रक्तात आहे आणि तरी पोचलं नाही, म्हणजे गावात येऊन घरी न आल्यासारखं. मग इतकी वर्षं त्यांनी रोग्यांना जे गिळताना पाहिलं, ते कुठवर गेलं होतं?

"प्रोटीन कमी हाय तं... अंडे वाढवू का?" विचारलं आणि त्यांनाच लाज वाटली.

मॅडम हसल्या नाहीत. "खाण्याने ती वाढत नाहीत. यात गुलाबरावांची चूक नाही, तुमचीही नाही. दुसरं औषध आहे, त्याला ही वाट लागत नाही. पण ते कडक आहे. या तब्येतीला झेपेल की नाही, मला सांगता येत नाही. दोघं मिळून ठरवा."

बाई बाहेर आल्या. गुलाबराव बाकावर भिंतीला टेकून बसले होते.

"काय म्हने मॅडम?"

हा प्रश्न चौतीस वर्षं लोकांनी विचारला होता. ठाऊक नसलं तरी बाईंनी दरवेळी काहीतरी ठाम सांगितलं होतं. आत्ताही चार वाक्यं जिभेवर आली. पण समोरच्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं, आणि बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

"औषध गाठीत जातच नव्हतं म्हने. आत घ्यालेच कोनी नव्हतं तिथं. तुमची काईच चूक नव्हती, अहो. म्या उगाच खिसे धुंडले तुमचे."

"मंग इतकं औषध गेलं कुठं?"

"मले नाही समजलं."

बायकोच्या तोंडून हे शब्द गुलाबरावांनी पहिल्यांदाच ऐकले होते.

"दुसरं हाय एक, कडक. घ्याचं का नाही, मले नाही ठरवता येत. तुमी सांगा."

गुलाबरावांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकले.

"सांगतो. पयले बस तं खरी. तीन महिने झाले, उभीच हायेस."

बाई बसल्या.