अगस्त्याखालचा तारा

गुडीहत्नूरजवळच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या यशवंतरावांना आता एकच नाद होता, अगस्त्याखालच्या एका मिणमिणत्या ताऱ्याचा. अगस्त्य दिसतो त्या महिन्यांत रोज संध्याकाळी दुर्बीण लावायची, वरच्या एका ताऱ्याशी त्याचा उजेड ताडून पाहायचा आणि आकडा पुण्याच्या सुनयनाबाईंना ईमेलनं कळवायचा. बाई खगोलशास्त्रज्ञ. सहा वर्षांत भेट एकदाही नाही, पण पत्रं मात्र सख्ख्या भावंडांनी लिहावीत तशी लांबलचक.

तो तारा दोनदा मंदावला होता, चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आणि यंदाच्या, आठ-आठ दिवस. त्याभोवती धुळीचं कडं फिरत असावं, ही बाईंची नवी कल्पना. त्यावरचा निबंध सोमवारी छापायला जायचा होता, यशवंतरावांच्या नावासकट. मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शुक्रवारी दुपारी त्यांची बायको जयवंताबाई ओसरीवर खोकत बसली होती.

"पऱ्हाटीच्या धुरानं भरलेली छाती मायी दोन महिने झाले तरी मोकळी नाई. चार सालामांगंबी बोंडअळी आली तवा आपुन अशीच पऱ्हाटी जाळली होती. आठ दिवस डोये चुरचुरले."

मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला. एरवी कापसाच्या पऱ्हाट्या लोक सरपणाला नेत; बोंडअळीच्या या दोनच वर्षी, फेब्रुवारीत, साऱ्या गावानं त्या रानातच पेटवल्या होत्या. संध्याकाळी धूर खाली बसतो. खालचा तारा त्यात बुडाला, वरचा मोकळा राहिला. आणि त्या वासात जन्म गेलेल्या मास्तरांना तो धूर धूर वाटलाच नाही!

"काऊन असे बसून राह्यले?"

"काई नाई."

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? दीड दिवस ते खरोखरच गप्प बसले. पोरांच्या प्रयोगवह्यांवर लाल शाईनं ओरडणारा हा माणूस. स्वतःची किळस आली तेव्हा कुठे रविवारी सकाळी त्यांनी सगळं बाईंना लिहून पाठवलं.

तासाभरात उत्तर आलं.

"निबंध थांबवला आहे. जर्मनीतल्या माझ्या सहकाऱ्यानं महिन्यापूर्वी हीच शंका काढली होती, तुमच्या गावात काही जाळत असतील का म्हणून. तुम्हाला ते विचारणं मला तुमचा अपमान केल्यासारखं वाटलं. न विचारताच मी त्याला कळवलं की या माणसाच्या नोंदींवर संशय घ्यायचा नाही. आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे."

यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग एकच ओळ लिहिली.

"त्यांचा पत्ता द्या, माफी मी मागतो."