हाताचा गुण

नागीण उतरवावी तर घोंगडे वस्तीतल्या गौरम्मानंच, असं अर्ध्या सोलापूरचं मत होतं, आणि खुद्द गौरम्माचं तर होतंच होतं. कुणाच्या कमरेला, कुणाच्या छातीला त्या जळजळीत फोडांची माळ उठली की माणूस कण्हत तिच्या दारात हजर. म्हातारी गेरू उगाळायची, सासूनं कानात सांगितलेला मंत्र पुटपुटायची आणि फोडांच्या दोन्ही टोकांना लाल रेघ ओढून वाट अडवायची. का, तर नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस खलास! तिच्या हाताखाली एकाचंही मिळालं नव्हतं. पैसा घ्यायची नाही, साधा चहासुद्धा नाही. पथ्य मात्र कडक. गेरू लागला की दुसरं औषध बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणायची.

आणि एक दिवस नागीण तिच्याच घरात शिरली.

शिवू तिचा एकुलता एक लेक. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचा. आवाज असा खणखणीत की मोहोळकडच्या शेतकऱ्याला मराठीत आणि अक्कलकोटकडच्याला कानडीत, दोघांनाही एका दमात गार करायचा. घरीसुद्धा तोंडाला टाळा म्हणून नाही. आईची थट्टा केल्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. अशा त्या शिवूच्या डाव्या कपाळावर पापणीपर्यंत फोड उठले आणि डोळा सुजून बंद झाला. त्यात त्याला साखरेचा आजार. बायकोनं, दानेश्वरीनं, आधी डॉक्टर गाठला. डॉक्टरनं आठवडाभराच्या गोळ्या दिल्या आणि एकही चुकवायची नाही म्हणून बजावलं.

गौरम्माला ते लागलं. लागणारच की! साऱ्या गावाची नागीण आपण उतरवायची आणि पोटच्या पोरानं गोळ्या गिळायच्या?

"ठेव त्या बाजूला," ती म्हणाली. "गेरूवर चालत न्हाईत."

"बरं अव्वा," शिवू उघड्या डोळ्यानं हसला. "घरची डॉक्टरीण सोडून बाहेर गेलो तर तुझं गिऱ्हाईक तुटायचं."

दानेश्वरीच्या कपाळाला आठी पडली, पण मायलेकरांच्या मध्ये कोण तोंड घालणार? गोळ्या फळीवर गेल्या. गौरम्मानं रेघ ओढली. नागीण कपाळाच्या मधोमध येऊन थांबली, पलीकडे गेलीच नाही. फोडांवर खपल्या धरल्या, खपल्या पडल्या, डोळा उघडला. म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडला आणि गल्लीत शेंगापोळ्या वाटल्या.

दोनेक महिन्यांनी शिवू भर लिलावात पुकारता पुकारता अडखळला. आकडा जिभेवर येईना. हमालांना वाटलं, थट्टा करतोय. या माणसाचं काही सांगता येत नाही. तोवर त्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि तो कांद्याच्या ढिगावर बसला तो बसलाच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं सरळ. मेंदूचा फोटो बघून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूला रक्त पोचलेलं नाही. मधे कधी चेहऱ्यावर फोड आले होते का?"

"नागीण झाल्ती," गौरम्मा म्हणाली. "बरी झाली की पण! तोंड-शेपूट मिळूच दिलं न्हाई मी."

"आजी, ती वरून बरी झाली." बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "लहानपणी कांजण्या आल्या असतील ना यांना? तेच हे विषाणू. कांजण्या जातात, पण हे जात नाहीत. मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि अंगातली ताकद कमी झाली की उठतात. कपाळावर उठले तर तिथून मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकतात. मग वाहिनी आतून सुजते, वाट अरुंद होते आणि रक्त अडतं. फोड जाऊन महिने झाले तरी हे होऊ शकतं."

"पण मी रेघ मारल्ती. मधोमध थांबली की ती."

"ती तिथंच थांबते, आजी. एका बाजूच्या मज्जातंतूची असते, म्हणून पलीकडे जातच नाही. रेघ असो, नसो." मग त्यांनी विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

गौरम्माच बोलली. "मी बंद केल्या. घेतल्या असत्या तर टळलं असतं का ओ?"

"छातीठोक नाही सांगता येत. कदाचित."

मेलं ते कदाचित! हो म्हटलं असतं तर म्हातारीनं तिथंच ऊर बडवून घेतला असता. नाही म्हटलं असतं तर देवाला शिव्या देऊन मोकळी झाली असती. कदाचितनं तिला ना रडू दिलं, ना झोपू दिलं. दानेश्वरी वाकडा शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं गौरम्माला रोज वाटायचं.

दवाखान्यात सलाइनमधून औषधं झाली, सूज उतरली, पण गेलेलं परत आलं नाही. शिवू घरी आला तो खाटेवर. भरवलेलं गिळायचा, डाव्या हातानं चादर ओढायचा आणि बोलायला गेला की नुसता "आ… आ…" निघायचा. फार आशा धरू नका, असं बाईंनी सांगूनच पाठवलं होतं. गौरम्मा तरी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून म्हणायची, "अव्वा म्हण. एवढं एकदा म्हण, राजा." त्याचे ओठ हलायचे, घाम फुटायचा, आणि शेवटी तीच म्हणायची, राहू दे.

अशात एका दुपारी बजाबाई आली. रामहरीची विधवा, पलीकडच्या गल्लीतली. सोबत मोहोळचा धाकटा भाऊ. कपाळाला पंचा गुंडाळलेला, डोळा सुजलेला.

"आमच्या मालकांचं बी असंच की ओ," शिवूकडे बघून तिनं डोळ्याला पदर लावला. "त्यांची डोळ्यावरची नागीण तुमी उतरवली, अन् पुढं दिवाळीत अंगावरनं वारं गेलं. नशिबाला कोण काय करणार? पर नागिणीतनं तुमीच वाचवलं त्यांना. लई उपकार."

रामहरी! गौरम्मानंच रेघ ओढली होती त्याच्या भुवईवर. आणि वारं गेल्यावर समाचाराला जाऊन, नशीब बाई नशीब, असं म्हणून आली होती. तो दोन वर्षं खाटेवर सडून मेला. तो एक, आणि दुसरा आता इथं पोटचा. बाकीचे? नागीण गेली की कुणी तिच्याकडे परत फिरकत नसे. त्या सगळ्यांचं पुढं काय झालं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"बजा," ती कशीबशी म्हणाली, "त्या नागिणीनंच नेलं रामहरीला. वरनं गेली अन् आत शिरली. मला कळलंच न्हाई गं. ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पाया पडते तुझ्या."

"असं वंगाळ बोलू नगा," बजाबाई चिडलीच. "माजा माणूस नागिणीतनं उठला हुता. रेघ मारायची नसंल तर तसं सांगा."

"गोळ्या घे, बाबा," गौरम्मानं त्या माणसापुढं हात जोडले. "आठ दिवस घे. उशीर करू नको."

तो बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला. बजाबाईनं त्याचा दंड धरला आणि उंबऱ्याबाहेर काढला. बाहेरून तिचा आवाज सरळ आत आला: "लेकाचं असं झालं, तवा म्हातारीच्या हाताचा गुणच गेला. चल, कुंभार वेशीत दुसरी एक हाय."

गौरम्मा दारापर्यंत धावली, हाका मारल्या. रिक्षा निघून गेली होती.

मागं खाट करकरली. शिवूनं सगळं ऐकलं होतं. तो लालबुंद झाला होता, मान उचलून दाराकडे बघत "आ… आ…" करत होता. आईला कुणी असं बोलून जावं, हे त्याला सोसवत नव्हतं. ती धावत त्याच्याजवळ गेली.

"गप, राजा, गप. खरंच बोलली ती."

शिवूनं मान हलवली. नाही, नाही. डाव्या हातानं त्यानं तिचा हात घट्ट पकडला, ओढून आपल्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटून वाट बघत पडून राहिला. अव्वा आपल्याला बरं करील, असं त्याला अजून वाटत होतं.