चौकशीत न विचारलेलं

रामकिसनभाऊ अजिंठ्याहून एसटीनं आले तेव्हा मी मशीनवर ब्लाउजला हुकपट्टी लावत होते. सोबत त्यांची नात होती, श्रेया. पहिलीत जाणारी, दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेली. "लग्नात घालायचा हिचा फ्रॉक तुमच्याच हातचा पायजे म्हणती मोनिका," असं म्हणत त्यांनी पिशवीतून गुलाबी कापड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

मोनिका म्हणजे त्यांची मुलगी, श्रेयाची आई. तिचा नवरा अपघातात गेला. आता तिचं दुसरं लग्न ठरत आलं होतं ते माझ्या पाठच्या भावाशी, सुदर्शनशी. मी रूपा. शहरात गारखेड्याला घराच्या पुढच्या खोलीतच माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. रूपा फटकळ आहे, असं सगळी गल्ली म्हणते आणि ते खरंच आहे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

कारण सुदर्शन सात वर्षं तुरुंगात होता. चिकलठाण्याला कामाला असताना तो भाड्यानं राहायचा, त्या घरमालकाच्या आठ वर्षांच्या मुलीवर त्यानं अत्याचार केला. निकालाच्या दिवशी मी कोर्टात होते. त्या मुलीच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेली नाही. तो सुटून आला आणि आमच्या आईनं, मनकर्णाबाईनं, सगळीकडे सांगून टाकलं की पोरगा इतकी वर्षं पुण्याला कंपनीत होता. गावाकडे ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनीही माना डोलावल्या. भावकीची अब्रू म्हटली की आमच्याकडे भल्याभल्यांची वाचा बसते.

हे स्थळ मोडेल, अशी मी रोज वाट पाहत होते. चौकशीत कुणीतरी बोलेल, मला बोलावं लागणार नाही, असं मला वाटत होतं.

"लई बारीक चौकशी केली बगा मी," रामकिसनभाऊ चहा बशीत ओतत म्हणाले. "पोरगी एकदा दुःखात पडलेली, संग लेकरू. तुमच्या गावात घरोघर इचारलं. सगळे एकच म्हणले, पोराला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन नाय."

हे अगदी खरं होतं. सुदर्शन दारूला शिवत नाही, पत्त्याला बसत नाही, मोठ्यांना उलट बोलत नाही. आमच्याकडे चौकशी म्हणजे हीच: पितो का, जमीन किती, नोकरी कायम का, बहिणींची लग्नं झाली का. लोकांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. कुणी खोटं बोललं नाही, आणि बरोबर त्याचाच मला भयंकर राग येत होता.

"पोलीस ठाण्यातबी गेलतो मी," ते थोडं लाजत म्हणाले. "आजकाल काय काय आयकायला येतं. म्हणलं, असल्या गुन्ह्याच्या लोकांची सरकारी यादी असती म्हणतेत, त्यात बगा जरा. तिथली बाई म्हणली, काका, यादी हाय, पण ती पोलिसांसाठी. बाहेरच्याला दावता येत नाय. पोराला म्हणा, सोता अर्ज करून चारित्र्याचा दाखला काढून आण. त्याचा त्यालाच मिळतो, तुमाला नाय."

"मग?"

"मंग आमचा सत्यम हाय ना, पुतण्या, त्यानं मोबाइलवर कोर्टाचं उघडलं. तिथं नाव टाकून बगता येतं, पण जिल्हा निवडावा लागतो. पुणे निवडलं. एकेक वर्ष टाकून बगितलं. कायबी नाय निघालं." त्यांनी समाधानानं बशी खाली ठेवली. "आपल्या मनाची खात्री."

या माणसानं करायचं ते सगळं केलं होतं. फक्त आम्ही जो जिल्हा सांगितला त्या जिल्ह्यात शोधलं होतं.

मी टेप घेऊन श्रेयाचं माप घ्यायला बसले. छाती, कंबर, उंची. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. "नवे पप्पा मला रोज शाळेत सोडणार हायेत," ती म्हणाली. "आई डबा करंल आन् आमी दोघंच जाऊ." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मोनालीताई कुठंय?"

मोनाली माझी मुलगी, नऊ वर्षांची. "शेजारी चंपाबाईंकडे गेलीय," मी म्हणाले.

ती का गेली होती? रविवार होता म्हणून. रविवारी दुपारी सुदर्शन माझ्याकडे जेवायला येतो. तो यायच्या आधी मी मोनालीला शेजारी पाठवते, आणि तो गेल्यावर बोलावते. तो सुटल्यापासून एकदाही चुकले नाही. त्याच्या आवडीची वांग्याची भाजीही करते. तो माझा भाऊ आहे, त्यानं शिक्षा भोगली आहे, त्यानं कुठंतरी माणसात बसून जेवावं असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या मुलीला मी शेजारी पाठवते. आणि या श्रेयाला मी त्याच्या घरात पाठवायला निघाले होते, वर नवा फ्रॉक शिवून. माझी मलाच शिसारी आली.

"श्रेया, जा बाळा, शेजारच्या दारात मोनाली दिसेल. खेळ तिच्याशी."

ती गेली. मी तरीही पळवाट शोधली. "भाऊ, तो दाखला मागून घ्या ना त्याच्याकडून. लग्नाआधी."

"छे हो. सोयऱ्याला असला दाखला मागत असतेत का? त्याचा अपमान केल्यावाणी व्हतंय. तुमी सख्खी बहीण हाव. तुमचा शब्द बास हाय आमाला."

"मग माझा शब्द ऐका," मी म्हणाले. "तो पुण्याला नव्हता. हर्सूलला होता."

आमच्या भागात हर्सूलला होता म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. अजिंठ्याची एसटीही तिथल्या तुरुंगाच्या रस्त्यानंच शहरात येते. रामकिसनभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कशापायी?"

"लहान मुलीपायी. श्रेयापेक्षा थोडी मोठी होती."

मशीनवरचा ब्लाउज मी उगाचच घडी करत राहिले. मला वाटलं भाऊ ओरडतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गावात ठाऊक व्हतं?"

"बऱ्याच जणांना."

"मी तर समद्यांला इचारलं हो."

"तुम्ही दारूचं विचारलं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. मग दाराकडे पाहिलं. "तुमची पोरगी शेजारी कामून गेली?"

"तो जेवायला येणार आहे."

ते ताडकन उठले. कापड पिशवीत कोंबलं. उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आज मी फ्रॉकापायी आलो नसतो, तर तुमी अजिंठ्याला आल्या असत्या का सांगायला?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

त्यांनी चंपाबाईंच्या दारातून श्रेयाला उचललं. एवढी मोठी पोर, पण कडेवर घेऊनच गेले.

सुदर्शन आला तेव्हा भाकरी गार झाल्या होत्या. चपला काढता काढताच म्हणाला, "आईचा फोन आलता. त्या भाऊंनी तिला फोनवरच लगीन मोडल्याचं सांगितलं. रडत व्हती लई. म्हणली, रूपाच्या घरी पाऊल ठिवू नको." तरी तो आत आला, हात धुतले आणि नेहमीच्या जागी बसला. मी ताट वाढलं.

"मी सांगणारच व्हतो त्यांला, ताई."

"केव्हा?"

"लग्न झाल्यावर. एकदा त्या लेकराचा माझ्यावर इस्वास बसला असता, म्हंजे मंग..."

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. त्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या मनात काय असतं हे मला कळत नाही, आणि तेच तर सगळं दुखणं आहे.

"आता परतेक ठिकाणी असंच करणार का तू?" त्यानं विचारलं.

"जिथं लेकरू हाय तिथं, व्हय."

"मंग मला कोण पोरगी देणार?"

"तू सोता आधी सांगून बघ. कुणी नाय दिली तर एकटा ऱ्हा. माझ्याकडं जेवायला ये. मी मरेस्तोवर वाढीन तुला."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. लहानपणी आईचा मार चुकवायला तो माझ्या पाठीमागं लपायचा, तेव्हा जसा बघायचा तसाच बघत होता.

"ताई, खरं सांग. तुला माझी भीती वाटती का?"

"मला कामून वाटंल?" मी म्हणाले. "मी मोठी बाई हाय."