तीस दुरुस्त्या

“ती घाण नाही असं सांग त्यांना,” इदवलने वहीत खरडलं आणि वही बहिणीच्या नाकासमोर धरली.

नेस्टाने ती कोपराने बाजूला सारली. “थांब रे. बाईंचं बोलणं तर संपू दे.”

दोघांना ऐकू यावं म्हणून तिने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटरच्या ताटलीला टेकवून उभा केला होता. पलीकडे फेनेला नावाची बाई होती. लंडनजवळच्या ज्या कंपनीला इदवलने पुस्तक छापायला दिलं होतं, तिथली. आवाज गोड, इंग्रजी धुतल्यासारखं.

“नेस्टा, मला तुमची तळमळ कळते,” फेनेला म्हणाली. “आमच्या मांडणी विभागाला ओळींच्या डोक्यावर सुटी सुटी अक्षरं दिसली. टंकताना चुकून पडली असतील असं वाटलं त्यांना. चार हजार सहाशे बारा होती. काढायला तीन दिवस लागले, पण त्याचे पैसे आम्ही लावलेले नाहीत.”

“उपकारच झाले,” नेस्टा म्हणाली. “अहो, ते सूर आहेत. डो, रे, मी. कुठला शब्द कुठल्या सुरात म्हणायचा, ते वर लिहिलंय.”

“म्हणजे ही गाणी आहेत? माझ्याकडे ‘प्रवचनं’ असं लिहिलंय.”

“गायची प्रवचनं.”

“किती छान,” फेनेला म्हणाली. “मग आपण ती परत घालू. तुमच्या रौप्य योजनेत तीस दुरुस्त्या मोफत आहेत. पुढे प्रत्येकीला दीड पौंड.”

“एक अक्षर म्हणजे एक दुरुस्ती?”

“हो.”

नेस्टाने पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली होती, तिला कागद लागला नाही. “सहा हजार आठशे त्र्याहत्तर,” ती म्हणाली. “तुम्हीच पुसायचं आणि आम्हीच भरायचं?”

“कलम चौदामध्ये मांडणीचा निर्णय आमच्याकडे आहे. सुवर्ण योजनेत आलात तर दुरुस्त्या अमर्याद. फक्त एकेचाळीसशे पौंडांचा फरक आहे. आणि एकवीस दिवसांत तुमच्याकडून काही आलं नाही, तर मजकूर मान्य आहे असं आम्ही धरतो. आज एकोणिसावा दिवस. मी इदवलशीच बोलू का?”

“बोला की. नाव तर असं घेताय, जसा चुलतभाऊच लागतो.”

इदवल फोनवर वाकला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्याकडे उरली होती ती फक्त कुजबुज, तीही समोरच्याने ओठ पाहिले तर कळणारी. तो बोलला, जेवढं बोलता येत होतं तेवढं सगळं बोलला. मानेच्या शिरा ताठल्या.

“हॅलो? इदवल?” फेनेला म्हणाली. “तुमचा आवाज पोचत नाहीये. नंतर कधीतरी करता का फोन?”

इदवल प्रोथेरोला गावात दूधयंत्रवाला इदवल म्हणत, कारण आणखी एक इदवल होता, तो कोळसेवाला. चाळीस वर्षं त्याने वेल्सच्या त्या डोंगरांमधल्या शेतांवर दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. आचळं तटतटलेली गाय कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे ताटावरून उठणं, आंघोळीतून निघणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. रविवार मात्र प्रभूचा. वाळूच्या साबणाने हात घासून तो चॅपलमध्ये जाई आणि व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर बसे. नखांमधल्या काळ्या चंद्रकोरी कधी गेल्या नाहीत. सूर धरून देणारा तोच होता. पेटी बिघडली तर यंत्र म्हणून दुरुस्त करायचा, आणि नाही झाली तर तिच्याविनाच गायला लावायचा.

त्या काळी तिथे तेगिद बोवेन उपदेशक होते. चणीने बारीक, दम्याचे. पहिला अर्धा तास कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलत. मग एखाद्या वाक्याच्या मध्यावर आवाज सुराला लागे, लागला की सुटत नसे, चढत जाई, वळत जाई. शब्द तेच राहत, पण आता ते गाण्यातून येत. “शिडात वारा भरला,” म्हातारी माणसं एकमेकांना कोपर मारून सांगत. ज्याने ते ऐकलं, त्याला देव आहे की नाही हा प्रश्न निदान तेवढी वीस मिनिटं पडला नाही.

ध्वनिमुद्रणाला बोवेनांनी कधी परवानगी दिली नाही. “यंत्रात कोंडलेला शब्द कुणाच्या डोळ्यांकडे बघून बोलेल?” असं म्हणत. इदवलने पेन्सिल काढली तेव्हा मात्र वरून हसले. तो खिशातल्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर शब्द आणि शब्दांवर सुरांची अक्षरं टिपू लागला. रविवारच्या शाळेत सगळ्या गावाला शिकवली जात तीच अक्षरं. बावीस वर्षांत अशी एकेचाळीस प्रवचनं जमली. बोवेन गेले. त्यांच्यामागून आलेलेही भले होते, पण ते नुसते बोलत.

इदवलला घाई नव्हती. कोणी विचारलं तर घशावर बोट ठेवून सांगायचा, “सगळी इथं आहेत.” मग तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नेमकी तीच जागा कापून काढली.

तेव्हा त्याने बिलं बाहेर काढली. पेन्सिल पुसट होत चालली होती, काही कागदांवर दुधाचे डाग होते. दोन हिवाळे नेस्टा संगणकापुढे बसून एकेका शब्दाच्या डोक्यावर एकेक अक्षर बसवत होती. वेल्समधल्या एका प्रकाशकाने मायेने लिहिलं, की ही लिपी वाचणारे आता किती उरलेत, आम्हाला झेपणार नाही. पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्या कंपनीची जाहिरात होती: तुमचा आवाज जगाला ऐकू द्या. इदवलने ती कात्रीने नीट कापली.

सदतीसशे पौंडांचा आकडा पाहून नेस्टा म्हणाली होती, “थोडं कमी करतात का विचारू या.” त्यावर तो तिच्याकडे असा बघत राहिला, की तिने विषय सोडला. बाहेरगावचा उपदेशक आला की त्याच्या हातात पाकीट द्यायचं, तो उघडून बघत नाही आणि आपण घासाघीस करत नाही, ही चॅपलची रीत. देवाच्या वचनाचं काम म्हटलं की दोन्हीकडे तीच रीत असणार, असं त्याने धरलं. करारही त्याने उघडून बघितला नाही, नुसती सही केली.

फोन ठेवल्यावर नेस्टाने चहा ओतला. “सुवर्णात जायचं?”

इदवलने दोन्ही रिकामे हात उघडून दाखवले.

“माझे पैसे गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत, ते घे.”

“नाही,” त्याने लिहिलं.

“अरे, सरकारी दवाखान्यात नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर लंगडेन. गुडघ्यानं कुठं गायचंय मला?”

त्याने लिहिलेल्या “नाही”खाली रेघ मारली, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी दोघं आबेरतेगला वकिलाकडे गेली. त्याने करार शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फी घेतली नाही. तेव्हाच दोघांना कळलं, की काही होण्यासारखं नाही. परत येताना बसमध्ये नेस्टा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “भांडला असता तर बरं वाटलं असतं. एवढं गोड वागला मेला.”

एकविसाव्या दिवशी सकाळी इदवलने कंपनीचा छापील खर्डा टेबलावर पसरला. पानं स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की बर्फ पडल्यावर ओळखीची वाट सापडू नये तसं त्याला झालं.

“तीस तर तीस,” नेस्टा म्हणाली. “कुठली, ते सांग. प्रत्येक प्रवचनाला एकेक देऊ, निदान सुरुवात तरी कळेल. पण एकेचाळीस आहेत. अकरा उपाशी राहतील.”

“एका विटेवरून घर कळत नाही,” त्याने लिहिलं.

तो पानं उलटत राहिला. एखाद्या पानावर थांबे, ओठ हलत, मग मान हलवून पुढे जाई. बुडत्या बोटीतून कोणाला वर घ्यायचं हे ज्याला ठरवायचं असतं, त्याने चेहऱ्यांकडे फार वेळ बघू नये. इदवल बघत होता. दुपारी तो “पलीकडची हाक” या प्रवचनावर येऊन थांबला. खाडीपलीकडच्या काठावरून कोणीतरी रात्री नाव मागतंय आणि म्हातारा नावाडी घरात ऐकतोय, एवढीच त्यात गोष्ट. मध्यावर एक वाक्य होतं. पलीकडून हाक आली की नाव सोडायची; वारा विचारायचा नाही, भाडं विचारायचं नाही.

शिडात वारा भरायचा तो इथे. नेस्टालाही ते आठवलं. तिने खुर्ची जवळ ओढली.

वेल्शमध्ये त्या वाक्यावर तेहतीस अक्षरं भरली.

“तीन जास्त होतात,” ती म्हणाली. “साडेचार पौंड. एवढे मी देते, आता नाही म्हणू नकोस.”

त्याने बोट वर केलं, थांब अशी खूण केली. कराराचा कागद ओढून एका ओळीवर बोट ठेवलं. मोफत मर्यादेच्या पुढे गेलं तर दुरुस्त्यांची किमान आकारणी दोनशे चाळीस पौंड. नेस्टाने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“हे कधी घातलं यात?”

“होतंच,” त्याने लिहिलं.

मग त्याने पेन्सिलने तीन अक्षरं खोडली, जिथे आवाज त्याच सुरावर रेंगाळायचा तिथली. समजणारा समजून घेईल, असं तो लिहायला गेला, पण अर्ध्यातच सोडून दिलं. उरलेल्या तीस अक्षरांच्या जागा नेस्टाने एकेक करून संगणकात भरल्या आणि पाच वाजायच्या आत पाठवल्या. लगेच उत्तर आलं: आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

पुस्तक मे महिन्यात आलं. कागद चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. मुखपृष्ठावर कुठल्याशा परदेशातला सूर्यास्त होता. सोबतच्या पत्रात विक्रीच्या योजना होत्या: दुकानदारांच्या यादीत नाव घालायचं तर इतके, वर्तमानपत्रांना कळवायचं तर इतके, गोदामात ठेवण्याचं भाडं तिमाहीला इतकं. जगभर विक्री मात्र मोफत होती. म्हणजे संगणकावर एक पान होतं आणि त्यावर ते पुस्तक होतं. सहा आठवड्यांत तिथून एक प्रत खपली.

“कोणी घेतली असेल?” इदवलने लिहिलं. चेहरा उजळला होता.

नेस्टा ओट्याकडे वळली आणि बशा लावू लागली. “असेल कोणीतरी पाटागोनियातलं,” ती म्हणाली. “तिकडं दक्षिण अमेरिकेत आहेत की आपली वेल्श माणसं.” ती खपलेली प्रत तिच्याच खोलीत, सदऱ्यांच्या खणात होती.

लेखकासाठीच्या सवलतीत घेतलेल्या साठ प्रतींचं खोकं त्यांनी जूनच्या एका रविवारी उपासनेनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत नेलं. चौदा माणसं होती. मनुकांचा पाव होता, लोणी होतं, चहाचं मोठं भांडं शीळ घालत होतं. सगळ्यांनी एकेक प्रत घेतली. कोणी उघडून बघितली, कोणी काखेत धरली आणि पाव खाल्ला.

केनवेन मावशी अठ्ठ्याऐंशीची होती. वरच्या शेतावरची, एके काळी चाळीस गायींची मालकीण. तिने पुस्तक डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“माझ्या गायींची नावं आहेत का रे यात, इदवल?” ती म्हणाली. “बिलांच्या मागे लिहायचास, मला काय ठाऊक नाही? निम्मे सूर माझ्या पैशांवर बसलेत.”

सगळे हसले. इदवलही हसला, खांदे हलले.

“आणि हे रे काय? अक्षरं कुठं गेली?” ती पानं उलटत म्हणाली. “नुसती वाचायची का मी आता? हां. ही बघ. इथं आहेत.”

तिने बोट ठेवलं आणि कोणाला काही न विचारता सुरू केलं. आवाज पातळ होता, कडेला फाटलेला. पण अक्षरं तिने लहानपणी घोटली होती, ती चुकली नाही. पलीकडून हाक आली की नाव सोडायची. सूर उचलला गेला, वळला. वारा विचारायचा नाही. खोलीत कुणाचा तरी चमचा बशीतच थांबला. गाळलेल्या तीन जागी ती आपसूक रेंगाळली, जिथे बोवेन रेंगाळत तिथेच, तेवढीच.

इदवल उभा राहिला. चॅपलची रीत अशी, की सूर धरून देणारा उठला की सगळ्यांनी उठायचं आणि तो बसला की बसायचं. खुर्च्या सरकल्या. नेस्टा गुडघ्यावर हात रेटून उठली. चौदाच्या चौदा माणसं हातातले कप खाली ठेवून उभी राहिली.

भाडं विचारायचं नाही, इथवर केनवेन मावशी आली, आणि पुढे कागद कोरा होता. शब्द होते, वर काही नव्हतं. तिने पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आली. मग इदवलकडे मान वर करून पाहिलं, सूर हरवला की पन्नास वर्षं सगळे ज्याच्याकडे बघत आले तसं.

इदवलने तोंड उघडलं.

ती थोडी थांबली. वचन मध्येच सोडू नये म्हणून तिने पुढचं वाचायला घेतलं, सावकाश, सपाट, दुकानातली यादी वाचावी तसं. नावाडी उठला. त्याने कंदील घेतला. तो काठावर गेला. प्रवचन संपायला अजून नऊ पानं होती. सगळे उभे होते, बसायची खूण इदवलने करायची होती, आणि तो दोन्ही हात अंगालगत सोडून, ताठ, ऐकत उभा होता.