अक्षराचा नमुना

प्रश्न : फोटोतल्या फळ्यावरचं हे अक्षर तुमचं आहे का?

नोंदलेलं उत्तर : नाही.

न नोंदलेलं : मधोमध उजेडाची तिरीप पडलीय, तरी माझंच. आंधळासुद्धा ओळखेल.

भीमसेनराव साक्षीच्या पिंजऱ्यात उभे होते. म्हैसूरच्या त्या कोर्टात सगळं कानडीत चाललं होतं. मराठी होत्या त्या फक्त फोटोतल्या दोन ओळी. ‘वल्लरीबाईंच्या पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध पाजतात. पालकांनी सावध राहावं.’

प्रश्न : इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर कोण लिहितं?

नोंदलेलं उत्तर : सांगता येत नाही.

न नोंदलेलं : दुसरं कोण लिहिणार? पोरांना घरात बोलण्यापुरती मराठी येते, शाळा सगळ्यांच्या कानडी नाहीतर इंग्रजी. मेटगळ्ळीच्या कारखान्यात खोक्यांवर नावं रंगवून हात बसलेला मी एकटा. एकतीस वर्षं लोकांची बारशी, मुंजी, तेरावे मीच फळ्यावर घातले. खाली नाव कधीच नाही, फळा मंडळाचा. कार्यवाहानं फोनवर सांगायचं, मी लिहायचं. त्या दिवशी कार्यवाह जयतीर्थनं हे सांगितलं. ‘तुला कुणी सांगितलं रे?’ एवढंही मी विचारलं नाही.

फळ्यावर आलंय म्हणजे खरंच असणार, म्हणत तीन दिवसांत चौदातली अकरा मुलं पालकांनी काढून नेली. नंतर कळलं, जे पोर तिथं दिवसभर झोपून राहिलं होतं, त्याला सर्दीचं औषध त्याच्या आईनंच घरून पाजून आणलं होतं. भीमसेनरावांनी ओल्या फडक्यानं फळा पुसला. पाळणाघराला तोवर कुलूप लागलं होतं. मग वल्लरीनं बदनामीच्या भरपाईचा दावा लावला.

सकाळी जयतीर्थची साक्ष झाली होती. “खडू मी जन्मात हातात धरला नाही, स्वामी,” तो म्हणाला होता. अक्षरशः खरं बोलला होता.

आणि पिंजऱ्यात येण्याआधी, बाहेरच्या बाकावर श्रीवत्स, भीमसेनरावांचा वकील, मंडळातलाच मुलगा :

“काका, सुम्ने, नुसतं नाही म्हणा. कुणी लिहिलं ते वल्लरीनं सिद्ध करायचं. तुम्ही कशाला तिला हातभार लावता?”

“पण लिहिलंय मीच की रे.”

“अय्यो! मला सांगितलंत तेवढं बास. आत तोंड उघडाल तर घरावर टाच येईल. बेका? हवंय का ते?”

नको होतं. म्हणून ते दोनदा नाही म्हणाले.

मग वल्लरीच्या वकिलांनी अक्षराचा नमुना मागितला. न्यायाधीशांनी कागद पुढे सरकवला. त्याच ओळी लिहा.

“वाकडं लिहा, काका,” पेन द्यायला आलेला श्रीवत्स कानाशी पुटपुटला.

‘व’ वाकडा आला. अगदी पहिलीतल्या पोरासारखा. कोर्टात कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. वल्लरी मात्र बघत होती. लग्न होऊन सांगलीहून आलेली ती, गावात नवी असताना फळ्यावरचं मराठी वाचायला मुद्दाम थांबायची.

भीमसेनरावांनी तो ‘व’ खोडला. दुसरा कागद मागितला. श्रीवत्सकडे न बघता दोन्ही ओळी लिहून काढल्या. ताठ, सारख्या उंचीच्या, गाठी जिथल्या तिथं.

“हे माझं,” ते कानडीत म्हणाले. “जयतीर्थनं सांगितलं. पण लिहिलं मी.”

श्रीवत्सनं फाईल मिटली.

न्यायाधीशांनी कागद आणि फोटो शेजारी धरले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. कारकुनालाही नाही. कागद खाली वल्लरीच्या हातात आला. त्याच ओळी आहेत का? मोठ्यानं वाचा, मग कानडीत अर्थ सांगा.

वल्लरीनं वाचलं. स्वतःच्या नावासकट, शेवटपर्यंत. भीमसेनराव कठड्याकडे बघत राहिले. मग तिनं कानडीत अर्थ सांगितला, एकेक शब्द शोधत.

टंकलेखकानं मान वर केली.

“ऐकू आलं नाही, अम्मा. परत एकदा. जरा मोठ्यानं.”

तिनं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.