लाल शिडाची मुदत

फिनलंडमधल्या औलू शहरात बस चालवणाऱ्या आयला मोइलानेनला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीत, गुडघाभर बर्फातसुद्धा, तिने गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. आणि दुसरी म्हणजे तिचं लाल शीड.

हे शीड ‘उत्तरेचा दर्या’ या ऑनलाइन खेळातलं. देशोदेशीचे हजारो लोक त्यात आपापली गलबतं हाकायचे. सात वर्षांपूर्वी, खेळ सुरू झाला त्या पहिल्याच नोव्हेंबरात कंपनीने दर्यात एक वादळ सोडलं होतं. मुदत नऊ दिवसांची. तेवढ्यात जो कोणी गलबत उत्तरेच्या दीपस्तंभाला लावेल त्याला लाल शीड, आणि पुन्हा ते कधीच कुणाला मिळणार नाही, अशी दवंडी. तीनशे चाळीस गलबतं पोचली. त्यांतलं एक आयलाचं. तेव्हापासून ती बंदरात शिरली की नवखे खलाशी भोंगे वाजवून वाट करून द्यायचे. घरी एकटी राहणारी एकसष्ट वर्षांची बाई ती. त्या भोंग्यांनी तिची मान अजून ताठ व्हायची.

मार्चमधल्या एका सकाळी डेपोत कॉफी पिताना तिने मोबाइलवर कंपनीचं पत्रक वाचलं. लाल शीड परत येतंय. सलग सात दिवस खेळात नुसती हजेरी लावा आणि घेऊन जा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय गं, कोण गेलं?” समोर बसलेल्या ड्रायव्हरने घाबरून विचारलं.

“माझी इज्जत गेली,” आयला म्हणाली आणि कप असा आपटला की बशी तडकली.

त्याच दुपारी तिने खेळाडूंच्या चर्चेत सणसणीत मजकूर लिहिला. ‘आम्ही घाम गाळून मिळवलं ते तुम्ही खिरापतीसारखं वाटताय. उद्या बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ड्रायव्हरचा बिल्ला देणार का?’ दोन दिवसांत अकराशे जणांनी त्याखाली सह्या केल्या. आठवड्याने कंपनीचं बोलावणं आलं: जुन्या खेळाडूंपैकी दहा जणांनी तांपेरेच्या कचेरीत यावं, समोरासमोर बोलू. त्या दहांत आयलाचं नाव पहिलं होतं.

ही बातमी सांगायला ती रविवारी जवळच्याच हाउकिपुदास गावी तैस्तोकडे गेली. तैस्तो म्हातारा सुतार, सत्तरीला टेकलेला. दर्यात सुकाणू कसं धरायचं, वाऱ्याला कधी पाठ द्यायची आणि कधी छाती, हे आयलाला त्यानेच शिकवलं होतं. त्या नोव्हेंबरात दोघं काही सोबत्यांसह एकाच गलबतावर निघाले होते. तिसऱ्या दिवशी त्याची बायको सिर्क्का घरात कोसळली. पुढचे दिवस तो इस्पितळात तिचा हात धरून बसला. वादळ शमायच्या आदल्या दिवशी ती गेली. इकडे सुकाणू आयलाने हाती घेतलं होतं आणि गलबत दीपस्तंभाला लावलं. पोचले त्यांनाच शीड, असा नियम. तैस्तोला मिळालं नाही. त्याच्या साध्या पांढऱ्या शिडाकडे बघून पोरंटोरं “आजोबा, कालच आलात का?” असं विचारत, तेव्हा तो नुसतं “हो” म्हणायचा.

त्याने कॉफी ओतली, दालचिनीचा पाव तिच्यापुढे सरकवला आणि तिचं सगळं भाषण निमूट ऐकून घेतलं.

“बरोबर बोललीस,” तो म्हणाला. “फुकटचं शीड मी तर लावणार नाही. दाराशी आणून टाकलं तरी नाही.”

“बघ! मी हेच म्हणते.”

“थांब, संपलं नाही माझं. अवघड काय होतं गं? वादळ, की तारीख?”

“म्हणजे?”

“वादळ मी पेललं असतं. तारीख नाही पेलली.” त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “हे तुझ्याविरुद्ध नाही बोलत मी. तुझं शीड पाहिलं की मला बरंच वाटतं. पण आता तू भांडायला निघालीसच, तर कशासाठी भांडतेस ते नीट ठरवून जा.”

आयलाच्या ते जिव्हारी लागलं. “तारीख नसती तर एवढे लोक एका वेळी दर्यात उतरलेच नसते,” ती म्हणाली. “आज नाही तर उद्या, असं म्हणत सगळे काठावर बसले असते. त्या नऊ दिवसांतच मला माणसं मिळाली, तैस्तो. अर्ध्यांशी मी अजून बोलते.”

“तेही खरंच,” तो म्हणाला.

तांपेरेला जाताना गाडीत तिने तयार केलेलं भाषण दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवून दिलं.

कचेरीत त्यांच्यासमोर खेळाची मुख्य रचनाकार केर्त्तू बसली होती, पस्तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने लपवाछपवी केली नाही. “मुदतीची बक्षिसं ठेवली की त्या दिवसांत गर्दी होते, हे खरं,” ती म्हणाली. “पण नंतर येणारी माणसं लाल शीड बघतात, कसं मिळेल विचारतात, कधीच नाही असं उत्तर मिळतं, आणि निघून जातात. दुसरीकडे काहीजण केवळ बक्षीस हुकेल या धास्तीने येतात. एका बाईने लिहिलंय, भावाच्या लग्नात ती मांडवामागे उभी राहून आमच्या खेळात हजेरी लावत होती. ते वाचून मला लाज वाटली. म्हणून म्हटलं, सगळ्यांना देऊन टाकू.”

“देऊन टाकू!” सौली नावाचा जाडजूड माणूस उसळला. तोही लाल शिडाचा धनी. “अहो बाई, सगळ्यांकडे आहे त्याला काय किंमत? तुमच्याकडे नाही म्हणूनच माझ्या शिडाला भाव आहे.”

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आयलाचीही मान हलणार होती, ती मध्येच थांबली. आपण सात वर्षं असंच समजत होतो की काय, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

“माझ्या शिडाचा भाव तसा नाही,” ती म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. “मी एकतीस वर्षं बस चालवते. गावात दुसरा चांगला ड्रायव्हर आला म्हणून माझी गाडी वाईट चालत नाही. सातव्या दिवशी धुक्यात आमची डोलकाठी मोडली होती, आत शिरलेलं पाणी उपसणारा पंपावरचा माणूस रडकुंडीला आला होता, तरी आम्ही पोचलो. मला त्याचा अभिमान आहे. कोण पोचलं नाही, त्याचा नाही.”

“मग वाटू द्यायचं?” सौली म्हणाला. “तूच ना ती सह्यावाली?”

“वाटायचं नाहीच. केर्त्तू, शीड परत आणू नकोस. वादळ आण. तेवढंच कडक, एक लाटही कमी नको. दर नोव्हेंबरला नऊ दिवस, म्हणजे माणसं एकत्र येतील. पण दर वर्षी. कुणाच्या घरी आजारपण असेल, बाळंतपण असेल, तर दर्या म्हणेल, जा बाई, पुढच्या वर्षी ये.”

केर्त्तू लिहायची थांबली. “आणि पहिल्या वर्षीचे तुम्ही? तुमचं काय?”

“आमच्या शिडाच्या कोपऱ्यात वर्ष लिहा. प्रत्येकाच्याच लिहा. जो ज्या वर्षी पोचला ते वर्ष.”

वाद तीन तास चालला. शेवटी दहांपैकी सात जणांनी आयलाचं म्हणणं उचलून धरलं. सौलीने कोट चढवला आणि तिचा हात हातात न घेताच तो निघून गेला. त्याने पुढे खेळही सोडला. आयलाला त्याचं वाईट वाटलं. त्या जुन्या वादळात त्यानेच एकदा त्यांच्या गलबताला दोर टाकला होता. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

नोव्हेंबरात वादळ आलं. केर्त्तूने शब्द पाळला होता. पहिल्याच दिवशी शेकडो गलबतं तळाला गेली. तैस्तो सुकाणूवर बसला. आयलाने यंदा खालचा पंप घेतला. आणखी तिघं जुने सोबती होते. तैस्तोची बोटं आता आखडायची. दुसऱ्या दिवशी त्याने वळण उशिरा घेतलं आणि सगळे बुडाले; बंदरातून पुन्हा सुरुवात. चौथ्या दिवशी खडकावर आपटले.

“दुसरा कुणीतरी बघा सुकाणूला,” हेडफोनमधून त्याचा थकलेला आवाज आला. “माझ्यामुळे तुम्हीही बुडताय.”

“गप बस रे,” आयला म्हणाली. “मला शिकवताना तू अकरा वेळा बुडालास. तेव्हा मी मोजत होते, तू नव्हतास. हात गरम पाण्यात धर आणि ये.”

शनिवारी सकाळी, सातव्या दिवशी, ते पुन्हा निघाले. पहिले दोन तास कुणी अवाक्षर बोललं नाही. मग धुकं उतरलं. आयलाला समोर काहीच दिसेना. ती पंप मारत राहिली आणि शिडाच्या दोरावरच्या सोबत्याला हुकूम देणारा तैस्तोचा आवाज ऐकत राहिली. “डावीकडे. थोडं. आता सोड. सोड म्हणतो ना!” गलबत कलंडलं, पाणी आत आलं, आणि पुन्हा सरळ झालं. त्याने वाऱ्याला छाती दिली होती, अगदी ऐन क्षणी, खडकापासून अर्ध्या हाताचं अंतर राखून. असं सुकाणू तिला कधी जमलं नव्हतं आणि जमणारही नव्हतं, हे तिला लख्ख कळलं, आणि ती दुप्पट जोराने पंप मारू लागली.

दीपस्तंभाचा पिवळा ठिपका दिसला. मग धक्का. मग गलबत थांबलं.

लाल शीड सावकाश उलगडलं. कोपऱ्यात यंदाचं वर्ष होतं. बंदरात जी दहा-बारा गलबतं आधी पोचली होती, त्यांनी एकदम भोंगे वाजवले.

आयलाने हेडफोन कानावर दाबला.

“आहेस का?” आयलाने विचारलं.

“आहे.” त्याने नाक ओढलं. “सिर्क्काला दाखवलं असतं तर म्हणाली असती, छान आहे, आता सूप गार व्हायच्या आत ये.”

“मग जा, जेव.”

“जातो. पण ऐक. खाली, निघायच्या धक्क्यावर तीन नवखी गलबतं ताटकळलीयत, काल त्यांवरची पोरं माझ्याशी बोलली. दोन दिवस उरलेत. त्यांना वळण दाखवायला हवं.” त्याच्या आवाजात आता असा काही रुबाब होता, जो आयलाने सात वर्षांत ऐकला नव्हता. “दीड वाजता निघू. पंपावर येतेस?”

“येते,” आयला म्हणाली आणि बटाटे उकडायला ठेवायला उठली.